तिसऱ्या प्रॅक्टिसच्या टाइमवर नका जाऊ
भाऊ, तुम्ही म्हणता फॉर्म्युला वन कार रेसिंगमध्ये बहरीनला शर्यतीआधीच्या तिसऱ्या प्रॅक्टिसमध्ये जो वर तोच पोल (शर्यत सुरू करताना सर्वात पुढची जागा) घेणार, पण मला नाही पटत. तिथं पहिली अन् तिसरी प्रॅक्टिस उन्हात होते, क्वालिफायिंग (पोल अन् बाकी जागा ठरवणारं सत्र) रात्री लाइटखाली, म्हणजे ट्रॅक पार बदललेला असते. आपल्या नागपुरात मे महिन्यात वर्धा रोडवर दुपारी दोनला गाडी काढा अन् रात्री नऊला काढा, डांबर तेच पण फरक कळतेच ना, तसंच. म्हणून दुसरी प्रॅक्टिस बघा, ती साधारण क्वालिफायिंगच्याच वेळेला असते.

अन् पेट्रोल किती भरलंय ते कोणी सांगत नाही, १० किलो जास्त म्हणजे लॅपला (ट्रॅकच्या एका फेरीला) ०.३ सेकंदाच्या आसपास गेले, वरून इंजिनही पूर्ण ताकदीनं चालवत नाहीत. मी धरमपेठेत मित्राकडे बघतो तेव्हा वहीत सॉफ्ट (सर्वात मऊ, जास्त पकड देणाऱ्या) टायरवरच्या पहिल्या लॅपचे तिन्ही सेक्टर (लॅपचे तीन भाग) वेगवेगळे लिहितो, अन् शेवटच्या सेक्टरमध्ये मागचे टायर गरम होऊन गाडी घसरते का ते ऑनबोर्डवर (गाडीवरच्या कॅमेऱ्यात) बघतो. स्टिअरिंग सारखं सावरावं लागत असेल तर टाइमशीटवर पहिला असला तरी पोलसाठी मी त्याला धरत नाही. स्प्रिंटच्या (एक छोटी शर्यत जास्तीची असते त्या) वीकेंडला मात्र ६० मिनिटांची एकच प्रॅक्टिस, तिथं एवढं बघायला मिळतच नाही.