सेंट क्लेअर सरोवरासाठी ट्रोलिंग मोटरचा शाफ्ट : ५२ इंची पुरतो की ६० इंची हवा?

मिशिगनकर

होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, विजेची ट्रोलिंग मोटर (मासेमारी करताना होडी हळू चालवणारी मोटर) बसवताना बहुतेकांचे लक्ष थ्रस्ट, म्हणजे पंख्याचा रेटा, किती पौंडांचा आणि मोटर किती व्होल्टची याकडे असते. खालची मोटर आणि पंखा पाण्यात धरणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, मात्र दुकानात शिल्लक असेल त्या लांबीचा घेतला जातो. डेट्रॉइटजवळच्या सेंट क्लेअर सरोवरात बास किंवा मस्की हे मासे पकडायला जाणाऱ्याचे मोजमाप ५२ आणि ६० इंचांच्या सीमेवर येत असेल, तर त्याने ६० इंचीच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. सरोवर विस्ताराने मोठे असले तरी त्याची सरासरी खोली अवघी ११ फूट आहे. त्यामुळे वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात आणि नाळ एकसारखी आपटत राहते. मालवाहू जहाजांसाठी खोदलेल्या मार्गावरून एखादे जहाज गेले की त्याच्या लाटांची त्यात भर पडते.

हिशेब करून पाहू. समजा, माउंट (मोटर डेकला धरून ठेवणारा आधार) पाण्यापासून २२ इंच वर आहे आणि शाफ्टचे १० इंच माउंटच्या वर राहतात. मग ५२ इंचीचे २० इंच पाण्याखाली जातात आणि ६० इंचीचे २८. शांत पाण्यात पंखा ९ ते १२ इंच बुडाला तरी भागते, पण नाळ दीड-पावणेदोन फूट उचलली गेली की ते २० इंच संपतात, पंखा हवा ओढू लागतो, घरघर ऐकू येते आणि थ्रस्ट जातो. जीपीएसने होडी एका जागी धरून ठेवणारी मोटर असेल तर आणखी पंचाईत होते, कारण जागा सुटली की ती वेग वाढवते आणि हवेत फिरणाऱ्या पंख्यावर बॅटरी खर्ची पडते. लांब शाफ्ट कॉलर (त्याला आवळून धरणारे कडे) सैल करून वर घेता येतो. आखूड शाफ्टला असा कोणताच उपाय नाही.

उथळपाणी

आपला हिशेब मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. वाढवलेल्या ८ इंचांचा भार माउंटला सोसावा लागतो. आपल्याच उदाहरणात माउंटपासून पंख्यापर्यंतचे अंतर ४२ वरून ५० इंचांवर जाते, म्हणजे तेवढ्याच थ्रस्टला माउंटवर येणारा ताण जवळजवळ एक पंचमांशाने वाढतो, आणि १७ फुटी अॅल्युमिनियमच्या होडीच्या पातळ डेकवर त्याने बोल्ट सैल होऊ लागतात. उथळ पाण्यात तोच शाफ्ट वर घेतला की मोटरचे डोके डेकपासून दोन फुटांहून वर राहते आणि गळ फेकताना दोरी त्यात अडकते. मोटर उचलून आडवी ठेवली, तर डेकवरच्या कप्प्याचे झाकणही उघडत नाही.

दोन फुटी लाटांच्या दिवशी एवढ्या लहान होडीने किनाऱ्याचा आडोसा धरावा, हेच शहाणपणाचे आहे. शिवाय आपल्यापैकी अनेकांची मासेमारी केंट लेकसारख्या लहान तळ्यांत, पाणवनस्पतींमधून वाट काढत चालते. क्वचित येणाऱ्या दिवसासाठी रोजची अडचण का विकत घ्यावी?

मिशिगनकर

ताणाचा मुद्दा रास्त आहे, परंतु डेकखाली अॅल्युमिनियमची जाड पट्टी देऊन बोल्ट तिच्यातून आरपार घेतले, तर तो बराचसा निकालात निघतो. आडोशाचा सल्ला मात्र मला पटत नाही. सेंट क्लेअरमध्ये स्मॉलमाउथ बास उघड्या पाण्यातल्या वनस्पतींच्या कडेला असतो आणि सकाळी सपाट असलेले पाणी दुपारी तसेच राहील याची हमी कोणी देत नाही.

वजनकाटा

आपण दोघेही २२ इंच हा आकडा पक्का धरून वाद घालत आहात, आणि माझी हरकत नेमकी तिथेच आहे. हे अंतर ट्रेलरवर मोजता येत नाही. इंधन, बॅटऱ्या, सामान आणि माणसे आपापल्या जागी असताना, होडी पाण्यात उभी करूनच ते मोजावे लागते. बॅटऱ्यांचा प्रकार बदलला तरी आकडा हलतो. ३६ व्होल्टच्या मोटरला लागणाऱ्या तीन मोठ्या लेड-अॅसिड बॅटऱ्या काढून लिथियमच्या बसवल्या, तर मागच्या बाजूचे शंभर पौंडांच्या आसपास वजन कमी होते आणि नाळ खाली येते. तेव्हा बॅटऱ्या आधी ठरवाव्यात आणि शाफ्टचे माप नंतर घ्यावे.

उथळपाणी

हे मला पटले. असे मोजून अंतर २० इंचांच्या आत आले, तर मी आजही ५२ इंचीच घेईन. २४ च्या वर गेले, तर ६० इंचीला माझा विरोध नाही. मधे येणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी ६० इंच अधिक खालच्या मोटरची लांबी एवढी टेप डेकवर पसरावी आणि कोणती झाकणे तिच्याखाली येतात ते पाहावे.