मंत्री गेला, पण त्या करारावर सही करणाऱ्यांचं काय?

धंतोलीकर
काल सिव्हिल लाईन्सला चहाच्या टपरीवर एका वकील मित्राशी वाजलं. विषय जेफ्री एपस्टिनचा, म्हणजे अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप असलेल्या त्या अमेरिकन धनाढ्याचा. तो म्हणे, "अमेरिकेत निदान मंत्र्याला घरी जावं लागलं. आपल्याकडे हिवाळी अधिवेशनात दोन दिवस गोंधळ, मग सगळे संत्र्याच्या पेट्या घेऊन मुंबईला."

मला हे कौतुक पटत नाही. क्रम बघा. २००७ मध्ये फ्लोरिडातल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, सरकारी वकिलांनी एपस्टिनशी खटला न चालवण्याचा करार केला. त्यात फक्त तोच नाही, त्याचे संभाव्य साथीदारही सुटले. २००८ मध्ये राज्याच्या कोर्टात दोन आरोपांची कबुली, शिक्षा १८ महिने, आत राहिला जेमतेम १३. तेही आठवड्यातले सहा दिवस, रोज १२-१२ तास ऑफिसात जायची मुभा. जेल होतं की लॉज? हा करार करणाऱ्या कार्यालयाचे प्रमुख अलेक्झांडर अकोस्टा २०१७ मध्ये कामगारमंत्री झाले. जुलै २०१९ मध्ये एपस्टिनला पुन्हा अटक झाली आणि सहा दिवसांत यांनी राजीनामा जाहीर केला. करारानंतर जवळजवळ बारा वर्षांनी! अशा राजीनाम्यात पुढारी स्वस्तात सुटतो, एवढंच.

काळा_कोट
टपरीवरचा तो मी नव्हे, पण बाजू त्याचीच घेतो. सरकारी वकिलाच्या खुर्चीत बसून बघा. साक्षीदार मुली घाबरलेल्या, समोर देशातले महागडे वकील. त्याआधी २००६ मध्ये राज्याच्या ग्रँड ज्युरीकडून (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) एकच सौम्य आरोप निघाला होता. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं का? अकोस्टांनी निदान तुरुंगवास आणि लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंद एवढं पदरात पाडलं. २०२० मध्ये न्याय खात्याच्या चौकशीतही निर्णय चुकला असंच निघालं, गैरवर्तन नाही. चुकीच्या निर्णयासाठी दरवेळी चौकात उभं करणार असाल, तर चांगला माणूस या नोकरीत टिकेल का?

इतवारीचा_पोट्टा
काहून जी वकीलसाहेब, कॉटन मार्केटात खिसा कापनाऱ्या पोट्ट्याले देता का हे सूट? त्याच्या केसमंदी साक्षीदार घाबरत नसते का? अन् कस्तुरबा नगर इसरले? १३ ऑगस्ट २००४, आपल्याच जिल्हा कोर्टात बायांनी बस्तीतल्या गुंड अक्कू यादवले जिवानिशी मारलं. काहून? तर पोलीस त्याच्या खिशात हाय, असं बस्ती म्हने. मी त्याले बरोबर नाही म्हनत. पन लोकायचा भरवसा उठला का काय होते, हे नागपूरले शिकवू नका.

धंतोलीकर
@काळा_कोट, करार एवढा चांगला होता तर लपवला कशाला? एपस्टिनचा पहिला तपास करणारे फ्लोरिडातल्या पाम बीचचे पोलीस ढिले नव्हते. त्यांच्या प्रमुखाचा राज्याच्या सरकारी वकिलावर भरवसा उरला नाही, म्हणून त्यानेच प्रकरण एफबीआयकडे नेलं. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायाधीश केनेथ मारा यांनी स्पष्ट म्हटलं, पीडितांना अंधारात ठेवून सरकारी वकिलांनी पीडितांच्या हक्कांचा कायदा मोडला.

काळा_कोट
पुढचं पान वाचा की. २०२१ मध्ये अपील कोर्टाने ठरवलं की फेडरल आरोपपत्रच दाखल नसेल तर त्या कायद्याखाली पीडितेला वेगळा दावा लावता येत नाही. मलाही तो निकाल बोचतो, पण कायदा तोच. आणि आपल्याकडे असला करार व्हायचाच नाही. आपलं प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घेणं, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतं. त्यातूनही स्त्रियांविरुद्धचे गुन्हे वगळलेले.

रामदासपेठ_रिटर्न
करार होत नाही, पण खटला मागे घेता येतो ना! सरकारी वकिलाचा अर्ज, कोर्टाची परवानगी, विषय संपला. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६० मध्ये एक ओळ वाढली: पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय परवानगी नाही. ही ओळ मला दहा राजीनाम्यांपेक्षा मोलाची वाटते. अर्थात ऐकून घेणं म्हणजे मानणं नव्हे.

पण श्रीमंताला खटला मागे घ्यायला लावायची गरजच काय? आमच्या घरच्या एका अपघाताच्या केसमध्ये नऊ वर्षं नुसत्या तारखा. आमच्या बाजूचे सरकारी वकील चार बदलले, समोरचा एकच.

बर्डी_बाबू
धंतोलीकर, राजकीय दबाव अगदीच फुकट नसतो हो. नोव्हेंबर २०२५ मध्ये एपस्टिनचे कागद खुले करायचा कायदा त्यांच्या प्रतिनिधिगृहात ४२७ विरुद्ध १ मतांनी पास झाला. त्याआधी सप्टेंबरमध्ये ब्रिटनने वॉशिंग्टनमधले राजदूत मँडेलसन यांना एपस्टिनशी असलेल्या संबंधांवरून हटवलं. नुसत्या कोर्टाच्या भरवशावर हे झालं असतं?

धंतोलीकर
मान्य, कागद निघाले ते दबावानेच. पण एपस्टिन ऑगस्ट २०१९ मध्येच कोठडीत मेला. ज्यांनी २००७ मध्ये सह्या केल्या, त्यांच्यापैकी कुणावर खटला चालला ते सांगा.

@रामदासपेठ_रिटर्न, चौथ्या वकिलाला फाईल तरी पूर्ण मिळाली होती का?

रामदासपेठ_रिटर्न
नाही. पंचनाम्याचं दुसरं पान गायब होतं. आमच्याकडे झेरॉक्स होती, तीच दिली.