ग्रंथालयात तरुण स्वयंसेवक: हवेत की नकोत?

डिचोलीकर: तालुका ग्रंथालयाची अभ्यासिका सकाळीच भरते. बहुतेक मुलं सरकारी नोकरीच्या परीक्षांची. पुस्तकं स्वतःची आणतात, कपाटाकडे ढुंकूनही बघत नाहीत. पलीकडे बालविभाग ओस. या मुलांकडे आठवड्याला एक तास मागितला तर? शनिवारी लहानांना गोष्ट वाचून दाखवायची, बास. कॉलेजात एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, घेतलेल्यांना समाजसेवेचे वर्षाला १२० तास भरायचेच असतात. झाडू हातात घेऊन फोटो काढण्यापेक्षा ते इथे भरा! पणजीत १८३२ साली सुरू झालेल्या सार्वजनिक ग्रंथालयाची परंपरा आपण मिरवतो, मग गावात एवढं जमू नये?

निवृत्त ग्रंथपाल: गोष्टीला माझी ना नाही. पण सुरुवात गोष्टीने होते आणि महिन्याभरात पोरं पुस्तकं लावायला बसतात. प्रत्येक पुस्तकावर विषयाचा क्रमांक असतो, त्यावरून त्याची कपाटातली जागा ठरते: ८९१.४६१ म्हणजे मराठी कविता, ८९१.४६३ म्हणजे कादंबरी. शेवटचा एक आकडा चुकला की पुस्तक इमारतीत असूनही हरवलेलं. मग वाचक म्हणतो, 'तुमच्याकडे काही मिळत नाही'. दुसरं, फुकटचे हात दिसले की भरतीची फाइल तळाशी जाते. गोव्यात १९९३ पासून ग्रंथालय कायदा आहे. ही सेवा म्हणजे कुणाची समाजसेवा नव्हे.

डिचोलीकर: भरती व्हायलाच हवी. पण ती होईपर्यंत बालविभागाला कुलूप ठेवायचं का?

निवृत्त ग्रंथपाल: 'होईपर्यंत' म्हणून आणलेली माणसं तशीच राहतात हो. दिवाणजींपासून शिपायापर्यंत पाहिलंय.

पेडण्याचा वाचक: माझ्या आईला गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अशा कागदांना ग्रंथालयात कुणी पोरगा मदतीला बसला तर सोय होईल.

निवृत्त ग्रंथपाल: आणि तिचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक त्या पोराच्या मोबाइलमध्ये? फॉर्म कसा भरायचा ते त्याने खुशाल शिकवावं. भरायचा तिने स्वतः किंवा कर्मचाऱ्यासमोर. कोण कुठलं पुस्तक नेतं ती नोंदही स्वयंसेवकाला दिसता कामा नये. गाव लहान आहे, उद्या चहाच्या गाड्यावर चर्चा!

फोंड्याची बीए: काका, नोंदींचं एकदम पटलं. पण तुम्ही दोघंही आम्हाला कामाला लावायचं की नाही, एवढंच भांडताय. आम्हाला काय वाचायचंय ते कुणी विचारलं का? खरेदीची यादी ठरते तिथे दोन विद्यार्थी बसवा. आम्ही मराठी वाचत नाही असं सगळे म्हणतात. चांगल्या मराठी ग्राफिक कादंबऱ्या, विज्ञानकथा मागवून बघा ना आधी. जिने पुस्तक मागवलं तीच शनिवारी मुलांना वाचून दाखवायला येईल. नुसत्या तासांसाठी आलेली मुलगी सही घेऊन पळणार, मीसुद्धा पळाले असते.

डिचोलीकर: बाय, यादीत गाइडं घुसतील त्याचं काय? अभ्यासिकेतल्या मुलांना विचारलंस तर दुसरं काही सांगणारच नाहीत.

फोंड्याची बीए: घुसू देत थोडी. त्यांनाही पुस्तकंच हवीत ना?

निवृत्त ग्रंथपाल: यादीत दोघं बसवायला माझी हरकत नाही. मात्र बैठकीला बसणाऱ्यांनी जुन्या खरेदीची नोंदवही आधी चाळावी, नाहीतर तिसरी प्रत मागवतील. आणि कपाटाला हात लावायचा नाही. त्यावर मी ठाम आहे.