पॅरामीटर आणि आर्ग्युमेंट : चाडं कोणतं, बी कोणतं?

प्रश्न : दादा, मी गावाहून तालुक्याला पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या क्लासला जातो. फंक्शनच्या (नाव देऊन ठेवलेल्या, हवं तेव्हा बोलावता येणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याच्या) कंसात जे लिहितात त्याला सर कधी पॅरामीटर म्हणतात, कधी आर्ग्युमेंट. कोशात आर्ग्युमेंट म्हणजे वाद, युक्तिवाद. कंसात वाद कायचा? कापसाच्या चुकाऱ्याचा प्रोग्राम लिहून पाहिला तर ‘एक आर्ग्युमेंट मिसिंग’ असा एरर येते. फंक्शन दहादा वाचलं, तिथं तर तिन्ही नावं बरोबर आहेत.

उत्तर : तिफण आठव. तिच्यावर चाडं, म्हणजे बी सोडायचं लाकडी भांडं असते. सुतार ते एकदाच बसवतो, आणि त्यात ज्वारी पडणार की सोयाबीन हे तेव्हा ठरलेलं नसते. ते चाडं म्हणजे पॅरामीटर. पेरणीच्या दिवशी मुठीतून त्यात सुटणारं बी म्हणजे आर्ग्युमेंट. फंक्शन लिहिताना कंसात जी नावं येतात ते पॅरामीटर; फंक्शन बोलावताना कंसात जे देतो ते आर्ग्युमेंट.

तुझाच प्रोग्राम घेऊ. चुकारा(वजन, भाव, हमाली) असं तू लिहिलं असशील, अन् आत वजन गुणिले भाव, वजा हमाली. पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, बिनधास्त लिही; आकडे मात्र प्रोग्राममध्ये इंग्रजी अंकांतच टाक, इथं फक्त वाचायला देवनागरीत लिहितो. ही तिन्ही पॅरामीटर. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. बारा क्विंटल माल, दोनशे रुपये हमाली धरली तर चुकारा(१२, ७५२१, २००). हे तिन्ही आकडे आर्ग्युमेंट, आणि उत्तर ९०,०५२.

आता शेवटच्या दोघांची अदलाबदल करून पाहा. भावाच्या जागी २०० अन् हमालीच्या जागी ७५२१ गेले, की उत्तर येते उणे ५,१२१. गाडीभर कापूस देऊन शेतकऱ्याच्याच अंगावर पैसे निघाले! आणि पायथॉन चूं करत नाही. तिफणीच्या चाड्यातलं बी मागच्या सरत्यात (दुसऱ्या पिकाचं बी सोडायच्या नळीत) पडलं तर तिफण थोडीच थांबते? म्हणून मी पोरांना सांगतो, नाव घेऊन द्या : भाव=७५२१, हमाली=२००. याला कीवर्ड आर्ग्युमेंट म्हणतात. पण तेच ‘हमाली=२००’ फंक्शन लिहितानाच कंसात टाकलं, तर ते डिफॉल्ट पॅरामीटर झालं : कोणी हमाली सांगितली नाही तर दोनशे धर. बरोबरची खूण दोन्हीकडे तीच, काम मात्र वेगळं. माझी पोरं सगळ्यात जास्त इथंच अडकतात.

वादाचं म्हणशील, तर हा शब्द गणितातून आला आहे. फलनाला, म्हणजे गणितातल्या फंक्शनला, जी किंमत देतो तिला तिथं आर्ग्युमेंट म्हणतात. भांडणाशी संबंध नाही. सरांचंही अगदीच चूक नाही. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत फॉर्मल पॅरामीटर आणि ॲक्चुअल पॅरामीटर अशी जोडी असते, त्यात दुसरं म्हणजेच आपलं आर्ग्युमेंट. तरी शिकवताना दोन शब्द वेगळेच ठेवावेत, असं मला ठामपणे वाटते.

आणखी एका ताईंचा प्रश्न : पॅरामीटरला ‘प्राचल’ हा शब्द संख्याशास्त्रात आहे. तो का नको?

उत्तर : ताई, शब्द चांगला आहे, पण संख्याशास्त्रात प्राचल म्हणजे समष्टीची, ज्यांचा अभ्यास करायचा त्या सगळ्यांची, सरासरी वगैरे. पोरगं ते शिकून आलं तर इथं अडखळेल. मी ‘रकाना’ आणि ‘भरलेली किंमत’ म्हणतो. पीकविम्याचा अर्ज घरोघरी भरलेला असतो, समजावून सांगावं लागत नाही.

आणि भाऊ, एररमध्ये ‘आर्ग्युमेंट’ कमी आहे म्हणते, पॅरामीटर नाही. म्हणजे फंक्शन वाचत बसू नको, जिथून बोलावलं ती ओळ पाहा.

प्रश्नकर्ता : पाहिली. खालच्या ओळीत चुकारा(१२, ७५२१) एवढंच होतं, हमाली राहिली होती. आता ९०,०५२ आले.