चक्कर म्हणजे मणकाच असं नाही
वर एकांनी लिहिलंय, चक्कर म्हणजे मानेचा मणका, पट्टा लावा. माझ्या आईनं सोलापूरच्या उन्हाळ्यात तो पट्टा चार महिने लावला. मानेला घामोळं आलं, चक्कर तशीच. कुशीवर वळली की भिंती फिरायच्या. पलंगाची कड घट्ट धरून, डोळे मिटून पडायची बिचारी. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी तिची मान वळवून तिला झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली घेतलं आणि नुसते डोळे पाहिले. बुबुळं थरथरत होती. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले होते. एप्ली पद्धतीनं डोकं टप्प्याटप्प्यानं फिरवून ते कण त्या नळीतून बाहेर काढले. दहा मिनिटंही लागली नाहीत!

अशा आजारांच्या निदानाचे निकष बारानी सोसायटी ठरवते. १९६० साली स्थापन झालेली ही डॉक्टर-संशोधकांची आंतरराष्ट्रीय संस्था. नाव रॉबर्ट बारानी यांचं, १९१४ चं नोबेल मिळालेले. कानात थंड किंवा गरम पाणी सोडल्यावर डोळे कसे हलतात, यावरून त्यांनी तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाची तपासणी बसवली.

तेव्हा पट्टा घेण्याआधी कानाच्या डॉक्टरांकडे, आईची केली तशी झटकन आडवं करून डोळे पाहण्याची तपासणी मागून घ्या. मात्र चकरेसोबत बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळा वाटला, तर वाट न बघता मोठं हॉस्पिटल गाठा.