उसाचे बिल एकरकमी, मेसचे पैसे दरमहा: विद्यार्थ्याने पैशांची घडी कशी बसवावी?

प्रश्न (भुदरगडची विद्यार्थिनी)

नमस्कार. मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकते आणि कोल्हापुरात राजारामपुरीत तीन मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते. घरी दीड एकर ऊस आणि दोन म्हशी आहेत. दुधाचे बिल दहा दिवसांनी येते, पण ते पेंड आणि घरखर्च यांतच संपते. त्यामुळे माझे शिक्षण उसाच्या बिलावर चालते आणि ते बिल एकरकमी येते. यंदा फेब्रुवारीच्या सुरुवातीला वडिलांनी माझ्या खात्यावर ३०,००० रुपये भरले. खोलीभाड्यातील माझा वाटा १,५०० आणि मेसचे २,६०० रुपये एवढाच ठरलेला खर्च असूनही मे महिना संपताना खाते रिकामे झाले. मेसचे पैसे थकल्यावर मी मोबाईलवरील एका ॲपमधून ४,००० रुपये कर्ज घेतले. हे घरी सांगितलेले नाही आणि त्या काळजीने अभ्यासात लक्ष लागत नाही. एक वर्गमित्र शेअर बाजारात ऑप्शनचे (भाव चढेल की उतरेल यावर पैसे लावण्याचे) व्यवहार करून पैसे फिरवण्याचा सल्ला देतो, तर गावाकडे काहीजण पुढचे बिल जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेत ठेवायला सांगतात. मी काय करावे?

उत्तर १ (निवृत्त बँक कर्मचारी, शाहूपुरी)

सर्वांत आधी ते कर्ज फेडा, आणि त्यासाठी घरी सांगा. चार हजारांची रक्कम आई-वडिलांना पेलवेल. मात्र एका ॲपचे कर्ज फेडण्यासाठी दुसरे ॲप उघडले की ती पेलवेनाशी होते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यावी लागते, वार्षिक खर्चाचा एकूण दर आधी लेखी सांगावा लागतो आणि ॲपला तुमच्या फोनमधील संपर्कयादी किंवा कॉलची नोंद पाहता येत नाही. तुमच्या ॲपने संपर्कयादी मागितली असेल तर ती परवानगी आजच काढून घ्या. कोणी धमकावून पैसे उकळू लागल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा.

आता मूळ दुखण्याकडे येतो. चार महिन्यांचे भाडे आणि मेस मिळून १६,४०० रुपये झाले, म्हणजे उरलेल्या १३,६०० रुपयांचा हिशेब तुमच्याकडे नाही. यात मी तुम्हाला उधळी म्हणणार नाही. खात्यात तीस हजार दिसत असताना दोनशे रुपये किरकोळ वाटतात. तेच खात्यात दीड हजार असताना वाटत नाहीत. नोकरदाराला पगार महिन्याला मिळतो म्हणून त्याचा हात आपोआप आवरतो, शेतकऱ्याच्या मुलीला तो पगार स्वतःच तयार करावा लागतो. त्यासाठी दोन खाती ठेवा. बिलाचे पैसे पहिल्या खात्यात राहू द्या, त्या खात्याला यूपीआय जोडू नका आणि दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम दुसऱ्या खात्यात जाईल अशी स्थायी सूचना बँकेत देऊन ठेवा. किमान शिल्लक ठेवण्याची अडचण असेल तर मूलभूत बचत खाते मागा, त्याला शिल्लक लागत नाही. मात्र असे खाते फक्त एका बँकेत काढता येते आणि त्या बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. भाडे आणि मेस यांचे एका महिन्याचे ४,१०० रुपये पहिल्या खात्यात कायम राखून ठेवा. ही राखीव रक्कम तयार होईपर्यंत रिकरिंग (दरमहा भरायची ठेव), एसआयपी (म्युच्युअल फंडातील दरमहा गुंतवणूक) वगैरे काहीही सुरू करू नका.

पतसंस्थेविषयी स्पष्ट लिहितो. बँकेतील ठेवीला, त्यात सहकारी बँकाही आल्या, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. अनेक पतसंस्था चोख कारभार करतात हे मी जवळून पाहिले आहे, तरीही ज्या पैशांवर तुमचे जेवण अवलंबून आहे ते पैसे अर्ध्या-एक टक्क्यासाठी तिथे ठेवू नयेत.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. दोन-तीन हजारांच्या बदल्यात तुमचे खाते आणि एटीएम कार्ड काही दिवस वापरायला द्या, असे कोणी म्हटले तर कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. फसवणुकीचे पैसे फिरवण्यासाठी विद्यार्थ्यांची खाती अशीच वापरली जातात आणि पोलीस प्रथम खातेदाराकडे येतात.

उत्तर २ (कमवा आणि शिका योजनेतील माजी विद्यार्थिनी)

वरील सल्ला योग्यच आहे, पण त्यात खर्चाची बाजू आली आणि उत्पन्नाची राहिली. तुम्ही शिष्यवृत्तीचा उल्लेखच केलेला नाही. खुल्या प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे, इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या योजना आहेत, आणि हे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. माझा अर्ज दुरुस्तीसाठी परत आला होता. मी दोन महिने संकेतस्थळ उघडलेच नाही, म्हणून त्या वर्षीची रक्कम हातची गेली आणि दुसऱ्या सत्रात मी रात्रीचे जेवण बंद केले. तेव्हा घरी किंवा शिक्षकांना सांगायला लाज वाटली. आज त्या लाजेचेच वाईट वाटते. तुम्ही दर आठवड्याला अर्जाची स्थिती पाहा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मुदतीत आहे ना ते तपासा आणि आधार बँक खात्याशी जोडलेले आहे याची खात्री करा, कारण रक्कम आधार संलग्न खात्यातच येते.

विद्यापीठातील कमवा आणि शिका योजनेबद्दलही विभागात चौकशी करा. मानधन मोठे नसते, पण मेसचा बराचसा भार हलका होतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहावीत म्हणून पुढाकार घेतला, तो खेड्यातून आलेल्या मुलाचे शिक्षण जेवण आणि निवाऱ्यापायी अडू नये म्हणूनच. मदत मागणे ही इथली जुनी रीत आहे. काळजीने झोप लागत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

उत्तर ३ (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी)

ऑप्शनबद्दल एवढेच सांगतो की शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनचे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. ज्या पैशांवर मेस अवलंबून आहे, ते तिथे नेऊ नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांशी बोलले. ते रागावले नाहीत. या दहा दिवसांच्या दूधबिलातून दोन हजार पाठवतो आणि उरलेले पुढच्या बिलातून, असे म्हणाले. ॲपची संपर्क परवानगी काढली आहे. महाडीबीटीवरील माझा अर्जही महाविद्यालयाच्या पातळीवर दुरुस्तीसाठी थांबलेला दिसला, म्हणून सोमवारी दाखला घेऊन विभागात जाणार आहे. एक शंका उरली आहे: स्थायी सूचना एकाच बँकेतील दोन खात्यांत देणे सोपे पडेल, की दुसरे खाते टपाल कार्यालयात काढावे?

उत्तर १ देणाऱ्यांकडून

दोन्हींपैकी एकही मूलभूत बचत खाते नसेल तर एकाच बँकेत ठेवा. शाखेत एक अर्ज भरून दिला की काम होते. अर्जावर सूचनेची शेवटची तारीख लिहायला विसरू नका, आणि ती पुढच्या हंगामातील बिल येण्याच्या एक महिना नंतरची ठेवा, कारण बिल लांबले तरी त्या महिन्याची मेस चुकणार नाही.