"जनुकं गर्भातच मेंदू बिघडवतात": इतकं सोपं आहे का?

खडूस:
"स्किझोफ्रेनियाची जनुकं सापडली, ती गर्भातच मेंदू बिघडवतात, उपचार म्हणजे नुसती मलमपट्टी." ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. सापडली म्हणजे काय हो? 2022 च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या 287 जागा निघाल्या, एकेकीचा परिणाम केसाएवढा. सगळी मिळून बेरीज केली तरी धोक्यातला सातेक टक्के फरक समजतो. गुणसूत्र 22 वरचा तुकडा गळणं हा त्यातल्या त्यात जबरदस्त धोका, तरी साधारण चौघांत एकालाच आजार होतो. बाकीच्या तिघांच्या गर्भात काय वेगळं लिहिलं होतं? एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला तरी दुसऱ्याला होतोच असं नाही, आणि जनुकं तीच!

उंटावरचा:
पोस्ट माझीच. मग गर्भात काहीच होत नाही म्हणा की! ऑटिझमशी जोडलेली कितीतरी जनुकं गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांत, कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, चेतापेशी तयार होत असताना, जोरात चालू असतात. सीएचडी8 घ्या. हे जनुक इतर जनुकांचा कारभार बघतं. त्याची एक प्रत बाद झाली की पुष्कळ मुलांचं डोकं सरासरीपेक्षा मोठं होतं. ही मलमपट्टी करायची गोष्ट आहे?

खडूस:
बोलताय स्किझोफ्रेनियावर, पुरावा ऑटिझमचा. छान.

शंकासुर:
गर्भाचं म्हणाल तर आईने ताण घेतला, नीट खाल्लं नाही, तर परिणाम होणारच. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, तेव्हा गर्भात असलेल्यांमध्ये पुढे स्किझोफ्रेनिया वाढला. हे सिद्ध झालंय.

निशा_क:
आलात का आईवर? धोका साधारण दुप्पट, म्हणजे फार तर शेकड्यात एकाचे दोन. तेही युद्धातल्या उपासमारीत, कुणाच्या ऑफिसच्या ताणाने नव्हे. 1948 साली मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी 'स्किझोफ्रेनिया घडवणारी आई' शोधली होती, तुम्ही तिला गर्भात ढकललंत एवढंच. मला गणित शिकवणारा माझा भाऊ 19व्या वर्षी एका रात्री टीव्हीच्या वायरी उपटून बसला, बातम्या देणारी बाई त्याचंच नाव घेते म्हणून. आठवड्याभरात एका नातेवाइकाने आईला विचारलं, "हा पोटात असताना कसल्या गोळ्या घेतल्या होत्यास?" बाबांना कोणी काही विचारलं नाही. आता ऐका. आइसलँडच्या 2012 च्या अभ्यासात वीस वर्षांच्या बापाकडून मुलात साधारण 25 नवे जनुकीय बदल आले, चाळीस वर्षांच्याकडून 65. आईकडून 15च्या आसपास. यावर बोला.

शंकासुर:
त्या 65 तले बहुतेक निरुपद्रवी असतात. शिवाय उशिरा बाप होणाऱ्यांतच धोक्याची जनुकं आधीपासून जास्त असू शकतात. वय नुसतं निमित्त.

निशा_क:
वा! बापाची वेळ आली की 'असू शकतात', आईची आली की 'सिद्ध झालंय'.

शंकासुर:
तुम्ही व्यक्तिगत घेताय.

निशा_क:
माझ्या घरातलं आहे, व्यक्तिगतच घेणार.

बापमाणूस:
मी 41व्या वर्षी बाप झालो. मुलगी ठणठणीत आहे.

खडूस:
अभिनंदन. एका मुलीवरून निष्कर्ष काढायची पद्धत आवडली. निशाताई, तुमच्या भावाचं 19वं वर्ष हाच खरा मुद्दा आहे. गर्भातच सगळं ठरलं, तर 19व्या वर्षापर्यंत तो गणित कसं शिकवत होता? 2016 मध्ये गुणसूत्र 6 वरच्या सी4 जनुकाचं काम पुढे आलं. मूळचं ते रोगप्रतिकाराचं. त्याचं प्रथिन नको असलेल्या सिनॅप्सवर, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडांवर, खूण करतं आणि मायक्रोग्लिया या मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी ते जोड गिळतात. उंदरांत हे दिसलंय. माणसांत, ज्यांच्यात त्याचा सी4ए हा प्रकार जास्त बनतो, त्यांना धोका जास्त. आणि माणसाच्या कॉर्टेक्समधली ही छाटणी पार विशीपर्यंत चालते.

उंटावरचा:
म्हणजे पाया गर्भात आणि तडा विशीत. हेच मी म्हणत होतो, जरा कमी शब्दांत.

खडूस:
हो का? "उपचार म्हणजे मलमपट्टी" कुठे गेलं मग?

उंटावरचा:
बरं, ते वाक्य तुम्हाला दान केलं. सीएचडी8 मात्र सोडणार नाही.

निशा_क:
भाऊ त्याच मलमपट्टीवर नोकरी करतोय, कळावे. शंकासुर, बापाच्या वयाचं राहिलंय.

बापमाणूस:
ते 65 बदल तपासून मिळतात का कुठे?